बाई, तुमच्या त्या पातळ पुस्तकांसाठी

बाई, नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेले की तुम्ही बोलूच देत नाही, "असू दे गे, त्यात काय एवढं" म्हणत चहा ठेवायला आत जाता, म्हणून शेवटी लिहायला बसले. आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहितेय, कारण बेळगावात, खानापुरात, निपाणीत माझ्यासारख्या कितीतरी आया आहेत, ज्यांचं पोर इंग्लिश मीडियमला जातं, शाळेत इंग्लिश आणि कन्नड शिकतं, घरात मराठी बोलतं, आणि मराठी वाचायला मात्र शिकवणारं कुणी नसतं. मला तुम्ही भेटलात. पोराला पहिली मराठी पुस्तकं कशी निवडायची, कशी वाचू द्यायची, हे तुमचं सांगणं निदान त्यांना तरी मिळू दे.

तुम्हाला आठवत असेल, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनात पुस्तकांच्या स्टॉलवर माझ्या हातात तो दहा पुस्तकांचा सेट होता, जाड पुठ्ठा, चकचकीत चित्रं, वर सूट पण होती. पैसे काढतच होते. त्या आठवड्यातच शाळेत पालकांना बोलावलं होतं आणि मला सांगितलं होतं की मुलगी वाचनात मागे आहे, तीन भाषांत गोंधळतेय, घरी ते मराठीचं शिकवणं थांबवा. मी होय म्हणून आले, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ज्या भाषेत मी तिला झोपवते ती भाषा तिला वाचता येऊ नये म्हणजे काय, असं सारखं डोक्यात. म्हणून हट्टानं ती पुस्तकं घ्यायला निघाले होते. तुम्ही ओळख ना पाळख, शेजारून हात घालून त्यातलं एक उघडलंत आणि म्हणालात, हे पहिलं वाक्य तूच मोठ्यानं वाच बघू. "घनदाट अरण्यात एक धूर्त कोल्हा वास्तव्य करीत होता", असलं काहीतरी होतं. मी वाचलं. तुम्ही विचारलंत, जोडाक्षरं किती? मोजली तर आठ शब्दांत पाच! अक्षरांची ओळख होऊन दोन महिने झालेल्या पोरीला मी हे देणार होते, आणि तिला नाही आलं की वर म्हणणार होते लक्ष देत नाहीस.

तो सेट मी खाली ठेवला. तुम्ही वडगावचा पत्ता दिलात, रविवारी या म्हणालात.

त्या रविवारचं मला सगळं आठवतं. शेजारच्या घरात मागाची खटखट चालू, तुमची ती हिरवी पत्र्याची ट्रंक, आणि लेक माझ्या पदराला धरून उभी. तुम्ही तिला वाच म्हटलंच नाही, आधी चित्रंच बघत बसलात दोघी. मग हळूच एका शब्दावर बोट ठेवलंत. "बस" लिहिलं होतं. ती म्हणाली "बदक". मला रडूच यायला लागलं होतं, पण तुम्ही म्हणालात, भिंतीवरच्या तक्त्यानं केलंय हे, ब बदकाचा म्हणून पाठ झालंय, त्यामुळे ब दिसला की बदकच येतं तोंडात, अक्षर अजून सुटं झालेलं नाही. पुढचा शब्द "घर" होता, तो तिनं वाचला "घरअ", शेवटचा अ ओढून. शाळेत याच ओढण्यावरून मला विचारलं होतं की बोलताना अडकते का, डॉक्टरांना दाखवा. आणि तुम्ही एका मिनिटात सांगितलंत, अगं ही कन्नड वाचतेय! कन्नडात शेवटचं अक्षर पूर्ण म्हणतात, मराठीत आपण शेवटचा अ गिळतो, पोरीनं शाळेतला नियम इकडे लावलाय, म्हणजे डोकं चालतंय की तिचं. बाई, ते वाक्य ऐकून मला काय वाटलं ते मी आजपर्यंत तुम्हाला सांगितलेलं नाही. महिनाभराचं ओझं होतं ते, तिथेच उतरलं.

मग तुम्ही ट्रंकेतल्या पुस्तकांचे दोन ढीग केलेत. एक हिनं स्वतः वाचायची, एक तू हिला वाचून दाखवायची, आणि दोन्ही एकत्र करायचे नाहीत. हे इतकं साधं, पण मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी तिच्या वाचायच्या पुस्तकात पण मोठी गोष्ट शोधत होते, छान भाषा शोधत होते, तात्पर्य शोधत होते. तुम्ही म्हणालात, छान भाषा कानानं जाऊ दे, डोळ्यांना अजून झेपत नाही. एका पानावर तीन ठिकाणी अडखळली की ते पुस्तक गपचूप दुसऱ्या ढिगात, तिला कळू पण द्यायचं नाही की काढून घेतलं.

पहिल्या ढिगातलं पुस्तक कसं निवडायचं हे तुम्ही दाखवलंत तेव्हापासून मी दुकानात उभी राहून तसंच बघते. अक्षर तुरीच्या डाळीएवढं तरी हवं, पानावर एक किंवा दोन ओळी, आणि ओळ संपताना शब्द मध्येच तोडून पुढच्या ओळीत ढकललेला नको. जोडाक्षरं नसली तर उत्तम, असलीच तर एखादं, आणि तेच पुन्हा पुन्हा येणारं. चित्रात जे आहे तेच शब्दात हवं. आणि शब्दांची शेपटं बघ म्हणालात, ते तर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. "झाड" पोरीला येतं, पण "झाडाखालच्या" आलं की ती आगगाडी होते, आपल्याला ओळखीचा शब्द दिसतो आणि तिला पाच डबे दिसतात. दुकानात "सोपं आहे हो, लहान मुलांचंच आहे" म्हणून देतात ती निम्मी पुस्तकं या शेपटांवर अडकतात.

आणि पुस्तक पातळ हवं. सोळा पानांचं. संपलं पाहिजे, "मी आख्खं पुस्तक वाचलं" असं म्हणता आलं पाहिजे. तुम्ही दिलेलं पहिलं पुस्तक तिनं त्या आठवड्यात किती वेळा वाचलं असेल! मला वाटलं पाठ झालंय, वाचत नाहीये, तर तुम्ही म्हणालात होऊ दे पाठ, बोट शब्दावर फिरतंय ना, मग पाठ झालेलंच हळूहळू वाचलेलं होतं.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे पाय धरायला पाहिजेत. पुस्तकात लिहिलेलं असायचं "नाही", ती वाचायची "न्हाई". "काय करतेस" ला ती सरळ "काय करालीस" म्हणायची, आणि मी प्रत्येक वेळी टोकायची, पुस्तकात काय लिहिलंय ते वाच म्हणून. तुम्ही मला थांबवलंत. म्हणालात, "करालीस" म्हणाली म्हणजे तिला अर्थ कळला, तो तिनं आपल्या घरच्या मराठीत सांगितला, ही चूक चांगली चूक. "कमळ" च्या जागी "कप" म्हणाली तर थांबव, कारण तिथे ती पहिलं अक्षर बघून अंदाज मारतेय. बेळगावची बोली म्हणजे अशुद्ध असं लहानपणी मी पण ऐकलंय बाई, ते मी नकळत तिच्यावर लादत होते. आता ती वाचते तेव्हा आपलंच बोलणं पुस्तकात शोधते आणि सापडलं की खुश होते.

नवीन पुस्तकं कुठून आणायची हे पण तुम्हीच सांगितलंत. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तकं. ज्योत्स्ना प्रकाशनाची, त्यात माधुरी पुरंदरेंची, ज्यात लिहिलेलं आणि काढलेलं दोन्ही त्यांचंच, ती आम्ही अजून दुसऱ्या ढिगात ठेवलीत, रात्री मी वाचते. आणि प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट, जी २०१५ पासून आहे आणि मला माहीतच नव्हती! फुकट बघता येतं, प्रिंट काढायला पण परवानगी आहे, आणि पुस्तकांना १ ते ४ अशा पायऱ्या लावल्यात, पहिली पायरी साधारण २५० शब्दांच्या आतली. तरी तुम्ही म्हणालात पायरीचा आकडा बघून डोळे मिटून घेऊ नको, भाषांतर केलेल्या पुस्तकात पहिल्या पायरीला पण मराठीत अवघड शब्द येऊन बसतो, आधी स्वतः वाच. खरंच तसं निघालं दोन-तीनदा.

पण त्यातली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये पण मिळते. एप्रिलमध्ये सुट्टी लागली तेव्हा झेरॉक्सवाल्याकडून दोन्हीच्या प्रिंट काढून आणल्या, तुम्ही म्हणालात तसं आधी मराठी आठवडाभर, मग कन्नड. चित्रं तीच, गोष्ट माहीत, त्यामुळे कन्नड वाचताना ती घाबरलीच नाही. एका पानावर झाड होतं, तिनं कन्नड शब्दावर बोट ठेवून वाचलं "मर", आणि दोन सेकंद थांबून इतकी हसली, "आई, कन्नडात झाडाला मर म्हणतात, आणि आपण मर म्हणजे मरून जा!" मग स्वतःच म्हणाली, कन्नडात मरअ म्हणायचं, मराठीत मर. तुम्ही तिला जो फरक तोंडानं समजावला होता तो तिला स्वतःला सापडला. त्या दिवसापासून "घरअ" बंद झालं, मी एकदाही सांगितलं नाही.

ज्या शाळेनं मराठी बंद करा म्हटलं होतं तिथेच जूनमध्ये तिच्या कन्नड वाचनाचं कौतुक झालं. मी तिथे काही बोलले नाही, पण तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात ते आठवलं, वाचायची युक्ती एकदाच शिकायची असते, ती घरच्या भाषेत लवकर सापडते आणि मग दुसरीकडे घेऊन जाता येते.

घरात पण बदललंय. हे उद्यमबागेतून सेकंड शिफ्ट करून येतात तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात, पूर्वी ती झोपलेली असायची. आता शनिवारी जागी राहते, बाबा हातपाय धुवून ताटावर बसले की शेजारी बसून दोन पानं वाचून दाखवते. ते जेवता जेवता घास हातात धरून ऐकतात, मध्ये बोलत नाहीत. त्यांचं शिक्षण सातवीत सुटलं होतं, तुम्हाला माहीत आहे.

तुमची तीन पुस्तकं अजून माझ्याकडे आहेत. एकाच्या शेवटच्या पानावर दुधाचा डाग पडलाय, माफ करा, ते नवीन मिळतं का बघते. तुमच्या ट्रंकेसाठी मी पंधरा गोष्टींच्या प्रिंट काढून, दोऱ्यानं शिवून, मराठी-कन्नड जोड्या लावून ठेवल्यात, पुढे जी कुणी आई येईल तिला द्या. रविवारी दहाला येतो आम्ही दोघी. चहा मी करणार, तुम्ही बसायचं, कारण ती म्हणतेय बाईंना मीच वाचून दाखवणार आणि मग विचारणार की आता जोडाक्षरवालं पुस्तक देता काय.

तुमची,
पदराला धरून आलेल्या त्या पोरीची आई