ट्रकचे लायसन्स : गिअरच्या गाडीवर की ऑटोमॅटिकवर?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझा पुतण्या एकवीस वर्षांचा आहे. मोटारीचे लायसन्स हाती येऊन त्याला दोन वर्षे झाली असून आता त्याला ट्रकचे, म्हणजे आपल्याकडे सर्रास ज्याला 'हेवी' म्हणतात ते, लायसन्स काढायचे आहे. नाशिकमध्ये चौकशी करताना एका ड्रायव्हिंग स्कूलने त्याला सांगितले की त्यांच्याकडे गिअरची जुनी गाडी आहे आणि क्लच नसलेली नवी गाडीही आहे. फी सारखीच, लायसन्सही सारखेच, तेव्हा कशावर शिकायचे ते त्याने स्वतः ठरवावे. मी बारा वर्षे ट्रक चालवला आणि पुढे एकोणीस वर्षे ट्रक शिकवला, म्हणून तो माझ्याकडे विचारायला आला. त्याला जे सांगितले ते आपल्या वाचकांपुढेही ठेवावे असे वाटले, कारण ऑटोमॅटिक ट्रक जसजसे वाढतील तसतसा हा प्रश्न पुष्कळ घरांत निघणार आहे, आणि 'लायसन्सही सारखेच' या शब्दांतच त्याची खरी गोम आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या दहाव्या कलमात दुचाकींचे दोन स्वतंत्र वर्ग आहेत : गिअर नसलेली आणि गिअर असलेली. स्कूटरवर परीक्षा दिलेल्या मुलीला त्याच लायसन्सवर बुलेट चालवता येत नाही, हे कॉलेजातल्या पोरांनाही ठाऊक असते. गंमत अशी की शंभर-सव्वाशे किलोच्या वाहनाबाबत कायद्याने जो भेद केला, तो पंचवीस-तीस टनांच्या वाहनाबाबत केलेला नाही. ट्रकची ट्रायल क्लच नसलेल्या गाडीवर दिली की गिअरच्या गाडीवर, याचा लायसन्सवर कोठेही उल्लेख नसतो. मालकाला तो कळत नाही, पोलिसाला कळत नाही आणि विमा कंपनीलाही कळत नाही. त्यात ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असा निर्वाळा दिला की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्या व्यक्तीला एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते. पोटापाण्यासाठी टेम्पो चालवणाऱ्या हजारो लोकांची विम्याच्या दाव्यांतील अडवणूक त्या निकालाने थांबली, आणि मला तो योग्यच वाटतो. परंतु त्याचा एक अर्थ असाही होतो की जन्मात क्लच न दाबलेला मनुष्य उद्या भरलेला टेम्पो घेऊन घाट उतरू लागला, तर कागदोपत्री त्याची काहीच चूक नसते.

इतर देशांत यावर वेगवेगळे तोडगे निघाले आहेत. अमेरिकेत ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा देणाऱ्याच्या व्यावसायिक लायसन्सवर 'ई' हे बंधन नोंदले जाते आणि मग त्याला गिअरचा ट्रक चालवण्यास मनाई असते; ते काढायचे तर गिअरच्या गाडीवर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये असेच बंधन ७८ या सांकेतिक आकड्याने नोंदले जाते. मात्र २०१४ पासून तेथे अशी सवलत आहे की ज्याने मोटारीची परीक्षा गिअरच्या गाडीवर दिली आहे, त्याने लॉरीची परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तरी त्याला दोन्ही प्रकारच्या लॉरी चालवता येतात. क्लच आणि गिअर यांचा मेळ मोटारीवर शिकून झालेला आहे, तो पुन्हा कशाला तपासायचा, असा त्यामागचा विचार दिसतो. तो तर्क मला अर्धाच पटतो, आणि उरलेला अर्धा का पटत नाही हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

आधी ऑटोमॅटिकची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. आपल्याकडच्या ट्रकमध्ये ज्याला ऑटोमॅटिक म्हणतात ती बहुतेक वेळा नेहमीचीच गिअरबॉक्स असते. फरक एवढाच की क्लच दाबण्याचे आणि दांडा हलवण्याचे काम हवेच्या दाबावर किंवा विजेवर चालणारी यंत्रणा करते आणि केव्हा करायचे ते संगणक ठरवतो. या यंत्रणेचा चालकाला मोठा आधार आहे. भिवंडीच्या कोंडीत तासाभरात शेकडो वेळा दाबलेल्या क्लचने माझ्या डाव्या गुडघ्याची काय अवस्था केली आहे, ती आमच्या घराच्या पायऱ्यांना विचारावी. चालकाचा थकवा कमी होतो, गिअर वेळच्या वेळी पडल्याने डिझेल वाचते, क्लच प्लेट अडाणीपणे जाळली जात नाही. शिवाय जड गाडी शिकण्याची हौस असूनही केवळ क्लचच्या धास्तीने मागे राहणारी माणसे या गाडीमुळे पुढे येत असतील, तर ते चांगलेच आहे. गाडी रस्त्यात बंद पडली की ढाब्यावरचा मिस्त्री पान्याऐवजी लॅपटॉपवाल्याला फोन लावतो, एवढी एकच तक्रार मालक मंडळी करतात, आणि तीही हळूहळू मावळेल.

तरीही मी पुतण्याला गिअरच्या गाडीवरच शिकायला सांगितले. त्याचे कारण कसारा घाटात आहे.

तीनेक वर्षांपूर्वी माझ्या परिचयातील एका वाहतूकदाराने नवा चालक ठेवला आणि पहिल्या फेरीला मला त्याच्या शेजारी बसवले. मुलगा गुणी होता. आरसे पाहण्याची त्याची सवय माझ्यापेक्षा चांगली होती आणि रिव्हर्स तर पाहत राहावे असा घेत असे. त्याचे सारे शिक्षण ऑटोमॅटिक ट्रकवर झाले होते. मालकाची गाडी मात्र दहा टायरची, गिअरची, बरीच वापरलेली होती. गिअरची मोटार तो चालवत असल्याने सपाटीवर त्याचे काही अडले नाही. पिंपळगावचा कांदा भरून आम्ही न्हावाशेव्याकडे निघालो होतो. इगतपुरी मागे टाकून घाट सुरू झाला तेव्हा गाडी पाचव्या गिअरमध्ये होती आणि तो ब्रेकवर ती सांभाळू पाहत होता. मी तिसरा टाकायला सांगितले. त्याने मोटारीत करतात तसा क्लच दाबून दांडा पाचव्यातून बाहेर काढला, आणि तिसरा पडेना. कर्रकर्र आवाज होऊन दांडा मधेच राहिला. भरलेली गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सुटली म्हणजे काय होते, ते ज्याने अनुभवले आहे त्याला सांगावे लागत नाही. तो घाबरून ब्रेकवर ब्रेक मारू लागला आणि ट्रकचे ब्रेक ज्या हवेच्या दाबावर चालतात त्याच्या मीटरचा काटा आठवरून साडेपाचवर आला. क्लच सोड, एकदा रेस दे, पुन्हा क्लच दाब आणि चौथा टाक, असे मी ओरडून सांगितले. तिसऱ्या प्रयत्नात चौथा पडला, गाडी आवळली गेली आणि पुढे रस्ता रुंद झाला तेथे आम्ही ती बाजूला घेतली. चाकांतून धूर येत होता आणि ब्रेकच्या जळालेल्या लायनरचा वास केबिनमध्ये भरला होता. मुलाच्या हाताची मूठ दांड्यावरून सुटत नव्हती.

या प्रसंगातून दोन निष्कर्ष निघतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेला जातात. पहिला असा की गाडी ऑटोमॅटिक असती तर ती न्यूट्रलमध्ये अडकलीच नसती. यंत्रणेने इंजिनाचा वेग जुळवून गिअर टाकला असता. हे मी मान्य करतो. दुसरा असा की चूक गिअर न पडण्याच्या आधीच झाली होती. घाट लागण्यापूर्वी, सपाटीवरच, त्याने खालचा गिअर निवडायला हवा होता. 'ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे' हा आमच्या पिढीला क्लीनर असतानाच मिळालेला धडा आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचून धरते, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक, त्याला साथ देतो आणि पायाचा ब्रेक अधूनमधून लावण्यापुरता थंड राहतो. पाय सतत ब्रेकवर राहिला की ड्रम तापतात, लायनरची पकड जाते आणि मग पेडल कितीही दाबले तरी गाडी ऐकत नाही. वर्तमानपत्रात 'ब्रेक निकामी होऊन' असे जे छापून येते, त्यातील काही वेळा तरी ब्रेकआधी चालकाची निवड निकामी झालेली असते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने ४८ वाहनांना धडक दिली, तेव्हा डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासातून पुढे आले होते.

आता हीच निवड ऑटोमॅटिक गाडीत टळते का? टळत नाही, फक्त दिसेनाशी होते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की काही गाड्या डिझेल वाचवण्यासाठी वरचा गिअर घेतात. चालकाने खटका 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर, आणून खालचा गिअर स्वतः धरून ठेवावा, म्हणूनच ती सोय दिलेली असते. परंतु तिसऱ्यात भरलेली गाडी कशी बोलते आणि पाचव्यात कशी पळते, हे ज्याच्या पायाला आणि कानाला कधी कळलेच नाही, तो तो खटका कोणत्या वळणाआधी फिरवणार? विजेच्या ट्रकलाही हे चुकलेले नाही. त्यात उतारावर मोटारच जनित्रासारखी चालून बॅटरीत वीज भरते आणि गाडी रोखते हे खरे, पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती रोख कमी पडते, आणि चार्जिंग करून घाटमाथ्यावरून निघालेली गाडी नेमकी त्याच अवस्थेत असते. ब्रिटनच्या सवलतीचा तर्क मला अर्धाच का पटतो, ते येथे स्पष्ट व्हावे. मोटारीवर क्लचची सवय होते. पंधरा टन कांदा पाठीवर घेऊन उतरण्याची होत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पंधरावा नियम या बाबतीत आजच्या व्यवहारापेक्षा शहाणा आहे. उतारावरून येताना चपळाईने खालचे गिअर टाकता येणे, आणि तीव्र चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुन्हा सुरू करता येणे, या दोन्ही गोष्टी परीक्षेत तपासाव्यात असे त्यात लिहिलेले आहे. मी माझ्या उमेदवारांना घेऊन वर्षानुवर्षे ज्या ट्रायलला गेलो, ती रिकाम्या ट्रकवर, सपाट मैदानात, दहा मिनिटांत उरकत असे. पुढे बसलेल्या साहेबांवर माझा राग नाही. एका सकाळी साठ-सत्तर उमेदवार असतील तर घाट कोठून आणायचा?

ऑटोमॅटिकच्या बाजूने माझ्या एका सहकाऱ्याने मांडलेला मुद्दा मला आजही अडचणीत टाकतो. नियमाप्रमाणे व्यावसायिक वाहनाचे प्रशिक्षण किमान तीस दिवसांचे आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान पंधरा तास असावे लागतात. या पंधरांपैकी सहा-सात तास पोर गिअर चाचपडण्यातच घालवते. ते वाचले तर आरसे, वळणाला लागणारी जागा, ट्रेलरची शेपूट आणि रिव्हर्स यांना वेळ मिळेल, असे तो म्हणत असे. त्याचे म्हणणे चूक नव्हते. मी त्याला एवढेच उत्तर देत असे की मग तास वाढवा, गिअर कमी करू नका. आपल्या रस्त्यांवर पंधरा-वीस वर्षे जुने ट्रक आजही धावत आहेत, आणि नव्या मुलाच्या हाती मालक पहिल्यांदा तोच ट्रक देतो. नवी कोरी ऑटोमॅटिक गाडी अनुभवी चालकाला मिळते. लायसन्सवर नोंद नसल्याने 'मला ही गाडी शिकवलेली नाही' असे म्हणण्यास त्या मुलाजवळ कागदाचाही आधार नसतो, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी ते तोंडाने म्हणण्याची हिंमत कोणाची होणार?

परिवहन खात्याकडे माझे मागणे लहान आहे. ड्रायव्हिंग स्कूल नमुना ५ मध्ये जे प्रमाणपत्र देते, त्यात प्रशिक्षणाची गाडी गिअरची होती की ऑटोमॅटिक, याचा एक रकाना वाढवावा आणि तीच नोंद लायसन्सवर यावी. बंदी घालण्याची आवश्यकता नाही. ऑटोमॅटिकवर शिकलेल्याने खुशाल ऑटोमॅटिक चालवावी, आणि गिअरच्या गाडीसाठी पुढे एक जादा परीक्षा द्यावी. दुचाकीबाबत आपण हे इतकी वर्षे करीतच आहोत. यासाठी केंद्राचा नियम बदलावा लागेल याची मला कल्पना आहे, परंतु तोपर्यंत निदान प्रमाणपत्रावर हाताने तेवढे लिहून देण्यापासून शाळांना कोणी अडवलेले नाही.

पुतण्याने सोमवारपासून गिअरच्या गाडीवर नाव घातले आहे. शाळेला त्याने माझ्या सांगण्यावरून आणखी एक प्रश्न विचारला : पंधरा तासांपैकी किती तास गाडी भरलेली असेल? समोरच्या बाईंनी रजिस्टरमधून मान वर करून सांगितले की असे आजवर कोणी विचारलेले नाही, आणि मालकांना फोन लावला. उत्तर अद्याप यायचे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त चालक-प्रशिक्षक, नाशिक