बाईच काउन्सेलर? आधी नालंदाचा अभ्यास वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल सूचना दिल्या, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या मुलीच्या मृत्यूची केस होती ती. त्यात म्हटलंय की पटावर १०० किंवा त्याहून जास्त मुलं असतील तर शिकलेला समुपदेशक नेमा, आणि सगळ्या स्टाफला वर्षातनं दोनदा तरी ट्रेनिंग द्या. यातलं पहिलं राहणार आणि दुसऱ्यावर भागवणार हे सांगायला ज्योतिषी नको. दोन दिवस हॉल, पीपीटी, चहा, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट आणि मग "मॅडम, आता आठवीच्या समुपदेशक तुम्हीच". मी माध्यमिकला विज्ञान शिकवते आणि ही चर्चा आमच्याकडे सुरूही झालीय म्हणून हे पत्र.

शिक्षकांनीच हे काम केलं तर काय होतं याचा आपल्याच देशात नीट अभ्यास झालाय पण त्याबद्दल ट्रेनिंगमधे कोणी बोलत नाही. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांमधे 'सेहर' नावाचा प्रयोग केला, २०१८ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. चिठ्ठ्या टाकाव्या तसे शाळांचे तीन गट पाडले. एका गटात हे काम बाहेरून नेमलेल्या एका माणसाकडे, तो काही डॉक्टर-सायकॉलॉजिस्ट नाही, साधा पदवीधर, ट्रेनिंग दिलेला आणि वरून कोणीतरी देखरेख करणारा. दुसऱ्या गटात तेच्या तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे. तिसऱ्यात दोन्ही नाही, सरकारचा जीवनकौशल्याचा नेहमीचा कार्यक्रम तेवढा चालू. काम म्हणजे परिपाठाच्या वेळी बोलायचं, भित्तिपत्रक चालवायचं, मुलांना लिहून टाकता येईल अशी पेटी ठेवायची, दादागिरीबद्दल शाळेचे नियम ठरवायचे, नववीच्या पोरांचे गट घ्यायचे आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याशी बोलायचं.

आठ महिन्यांनी मोजलं तर बाहेरच्या माणसाच्या शाळांमधलं वातावरण खूपच सुधारलेलं, मुलांमधलं डिप्रेशन कमी, मारामारी कमी, छळ कमी. आणि शिक्षकांच्या शाळांमधे? काही नाही. जिथे वेगळं काहीच केलं नव्हतं त्या तिसऱ्या गटासारखंच. दुसऱ्या वर्षीही मोजलं तर पहिल्या गटातला फायदा आणखी वाढलेला आणि शिक्षकवाल्या गटात तेव्हाही ढिम्म.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल की मास्तरांनी मन लावून केलं नसेल. अहो, मास्तराच्या दिवसात ते बसतंच कुठे? शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम लावायचं नाही, पण ती तीन कामं तर आहेतच, त्यावर खिचडीचा हिशोब, सरल आणि यूडायस या सरकारी पोर्टलवर भरायची माहिती, कुठल्या कुठल्या अभियानाचे फोटो अपलोड. आणि वेळ दिला तरी एक अडचण राहतेच जी वेळेने सुटत नाही. जो मुलगा गणितात नापास झालाय म्हणून रडतोय त्याला नापास करणारी मीच. घरी बाप मारतो हे तो मला सांगेल का, जेव्हा त्याला माहितीय की पालकसभेला बापाशी बोलणार मीच, आणि संध्याकाळी एसटी स्टँडवर त्याच्या आईला भेटणारही मीच. नालंदामधे नक्की हेच घडलं असा माझा दावा नाही, पण बारा तास खुर्ची टाकून बसले तरी काही गोष्टी पोरं मला सांगणार नाहीत हे मी छातीठोकपणे सांगते.

ब्रिटनमधेही 'मिरियड' म्हणून मोठा अभ्यास झाला, ८४ शाळा, आठ हजारांवर मुलं, शिक्षकांना माइंडफुलनेस (म्हणजे लक्ष आत्ताच्या क्षणावर ठेवायचा सराव) शिकवून त्यांनी वर्गात शिकवायचं. २०२२ ला निकाल आला, नेहमीच्या वर्गांपेक्षा मुलांना जास्त फायदा काही नाही. गंमत म्हणजे शिक्षकांचा थकवा मात्र त्या वेळेपुरता कमी झाला. ते वाचून आमच्या स्टाफरूममधे एक सर म्हणाले, मग पोरांना सोडा, आम्हालाच द्या ते!

शिक्षकाने काहीच करू नये असं मी म्हणत नाही. ओळखणं हे आमचं काम आहे आणि ते आम्ही कोणापेक्षाही चांगलं करू शकतो, कारण पोर रोज समोर असतं. वाचनाची अडचण ओळखण्यासाठी 'डाली' नावाची चाचणी आहे, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली. ती मराठीतही आहे आणि त्यात पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनी भरायचा भाग आहे. नाहीतर मराठी शाळेतल्या पोराला इंग्रजी शब्द वाचायला देऊन तपासायचं म्हणजे काय तपासणार कप्पाळ. पण ओळखल्यावर पुढे पाठवायचं कुठे?

आणि ओळखायलाही वेळ लागतो. मुलांच्या वागण्याची 'एसडीक्यू' म्हणून प्रश्नावली असते, बऱ्याच अभ्यासांमधे वापरतात, शिक्षकाने एका मुलासाठी २५ वाक्यांवर खूण करायची, खरं नाही, काही अंशी खरं, नक्की खरं. ६० चा वर्ग धरा, झाल्या १५०० खुणा. संशोधन करणाऱ्यांकडून शुक्रवारी गठ्ठा येतो आणि सोमवारी परत पाहिजे असतो. मग स्टाफरूममधे काय होतं, तर मधल्या रकान्यात वरून खालपर्यंत बरोबरच्या खुणांची रांग, फक्त जो पोरगा खूप त्रास देतो त्याच्या कागदावर पेन थांबतं. जो गप्प बसतो, डबा न खाता परत नेतो, त्याचा कागद सगळ्यात पटकन भरून होतो. त्या आकड्यांवर पुढे कोणाची पीएचडी उभी राहते.

अशा संशोधनात मुलांना घ्यायच्या परवानगीचं तर विचारूच नका. आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) नियम स्पष्ट आहेत, आईबापांची संमती हवी आणि सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकार पण हवा, बारानंतर तो लेखी. प्रत्यक्षात शाळेतनं आलाय म्हणून पालक कागद न वाचता सही करतात, आणि वर्गात विचारतात "कोणाला भाग घ्यायचा नाहीये, हात वर करा". मुख्याध्यापक दारात उभे असताना कोण करेल हात वर? अजून एक, डिप्रेशनच्या प्रश्नावलीत मरून जावंसं वाटतं का असाही प्रश्न असतो. एखाद्या पोरीने त्यापुढे "जवळजवळ रोज" वर खूण केली आणि तो कागद लिफाफ्यात बंद होऊन शहरात गेला तर त्या रात्री त्या पोरीकडे कोण बघणार? चांगले संशोधक हे आधीच ठरवून येतात, संध्याकाळच्या आत कागद चाळतात, कोणाला फोन करायचा ते लिहून ठेवलेलं असतं. मुख्याध्यापकांनी परवानगी देण्याआधी एवढंच विचारावं की तो माणूस कोण आणि त्याचा नंबर काय. नंबर मिळाला नाही तर गठ्ठा परत.

आता पैसे कुठून आणायचे म्हणाल, तर नालंदामधला माणूस महागडा नव्हता. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात बीए, एमएसडब्ल्यू करून भरतीची वाट बघत बसलेली मुलंमुली आहेत. १०० पटाच्या खालच्या शाळांना बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्या असं कोर्टानेच म्हटलंय, आणि वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा त्यातच येतात, तर त्यांच्यासाठी दर केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक माणूस नेमा, आठवड्याचे वार ठरवून तो शाळांमधे फिरेल. त्याला प्रवासभत्ता वेळेवर द्या, त्याच्यावर एक जाणकार माणूस ठेवा, आणि कृपा करून त्याला मतदार यादीच्या कामाला लावू नका.

कळावे,
एक माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा