आईकडे माणसं येऊ द्या

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, इन्फेक्शन नको, महिनाभर कुणालाही घरात घ्यायचं नाही. मागून आईचा आवाजच आला नाही. तुमचं बोलणं चालू असताना आई गप्प! म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही.

2020 आठवा. एप्रिलमध्ये सोलापुरात पहिला रुग्ण सापडला तेव्हा आम्हाला काळजी तुमची होती. मुळातच घुमा माणूस, कोंडला तर काय होईल? तुम्ही मात्र पहाटे गच्चीवर फेऱ्या, किराण्याची वही, कॅलेंडरवर ऑक्सिमीटरचे आकडे. जुलैत पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, तुमच्या दिनक्रमात काडीचा फरक नाही. वाळली ती आई. भजन बंद, भिशी बंद, नवी पेठेतली चक्कर बंद. आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला निघालेल्या टीव्हीवर बघून ती रडली. तुम्हाला वाटलं, भक्तीनं. मला नाही वाटत.

मानसशास्त्रवाले स्वभावाचे पाच मोठे पैलू मानतात: नव्याची आवड, शिस्त, माणसांची ओढ, जुळवून घेणं आणि काळजीखोरपणा. कोरोनाकाळातल्या अभ्यासांत काळजीखोर स्वभावाच्या लोकांना चिंता, नैराश्य जास्त आढळलं. (म्हणजे मी. रोज दोनदा फोन करून ऑक्सिजन विचारणारी.) शिस्तीची माणसं नियम जास्त पाळत होती, यात तुम्हाला नवल वाटणार नाही. बोलक्या माणसांचं मात्र एकसारखं चित्र नाही. एरवी तीच जास्त समाधानी असतात, पण भेटीगाठी तुटल्यावर त्यांतली काही फार खचली. आई त्यांतली. तुमचा आधार तुमच्या वहीत होता, तिचा चार घरं सोडून होता.

स्वभावानंच सगळं ठरतं असंही नाही. यंत्रमाग थांबले तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागात लोकांची झोप उडाली ती मजुरी बुडाली म्हणून. तिथे शिस्त काय कामाची? आपल्याकडे पेन्शन येत होती, हे विसरून आपण स्वतःला फार खंबीर समजू नये.

तर बाबा, डॉक्टरांनी जखम जपायला सांगितलीय. माणसं बंद करा असं ते म्हणाल्याचं मला तरी तुम्ही सांगितलं नाहीत. हवं तर त्यांनाच विचारा. एका वेळी दोघीच, सर्दी-खोकला असेल तर नाही, आल्यावर साबणानं हात धुवायचे. नियम तुम्हीच लिहून दाराला लावा, तुम्हाला बरं वाटेल.

आणि आई, तू तोंड उघड. बाबांना न सांगता कळत नाही, इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

भजनी मंडळातल्या काकूंशी मी बोललेय. डॉक्टर हो म्हणाले तर गुरुवारी चारला दोघी येतील. चहा बाबा करतील.

तुमची,
लेक