काका, मंगळवारच्या मिनियानबद्दल

आदरणीय काका,

शालोम.

हे पत्र तुमच्या घरी येऊन हातात देता आलं असतं. पण तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. आपल्या बेने इस्राएल ज्यू समाजाची जी माणसं आता इस्राएलमध्ये अश्दोदला, दिमोनाला, लोदला आहेत, त्यांनाही कळू दे की इथे ठाण्यात तुम्ही काय केलंत.

पप्पा गेले तेव्हा भर पावसाळा होता. शिवाचे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, मिनियानची, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांची, काळजी कुणाला करावीच लागली नाही. खरी काळजी आठव्या दिवसापासून. आईवडिलांसाठी कादिश (गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना) अकरा महिने म्हणायचा, आणि दहा पुरुष जमल्याशिवाय तो म्हणता येत नाही. किप्पूरला, वर्षातल्या मोठ्या उपासाच्या दिवशी, मशिदीत (आपण सिनेगॉगला मशीदच म्हणतो) उभं राहायला जागा नसते, पण मंगळवारसारख्या साध्या दिवशी सकाळी सव्वासहाला दहा जण आणायचे कुठून? 1948 नंतर आपली बहुतेक घरं इस्राएलला गेली. जी राहिली त्यांतल्या निम्म्यांना सकाळची लोकल पकडायची असते. मी स्वतः त्याआधी कधी मंगळवारी गेलो नव्हतो. कुणीतरी माझ्यासारख्याच एखाद्या मुलासाठी दहावा माणूस शोधत दारात उभं राहिलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

आठव्या दिवशी पहाटे पावणेसहाला तुमचा फोन आला. "उठलास का?" एवढंच. मी "हो" म्हटलं आणि तुम्ही फोन ठेवला. मशिदीत पोचलो तर तुम्ही आणखी आठ जणांना गोळा करून बसला होतात. तुम्हाला स्वतःला त्या वर्षी कुणाचा कादिश म्हणायचा नव्हता. गुडघा दुखत होता, जिन्याला कठडा धरून चढत होतात. तरी शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सणाचे दिवस सोडले तर अकरा महिने तो फोन एक दिवसही चुकला नाही.

पहिल्या सकाळची एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. बार मित्स्वाला, म्हणजे तेराव्या वर्षीच्या विधीला, आईने शिवलेली मरून मखमलीची पिशवी मी बरोबर आणली होती. तेफिलीनचे, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी दंडाला आणि डोक्याला बांधायच्या कातडी पेट्यांचे, पट्टे कडक झाले होते, काळा रंग कडेने उडाला होता. मी घाईघाईने तेफिलीन बाहेर काढू लागलो आणि तुम्ही माझा हात धरलात. "आधी तालीथ." म्हणजे प्रार्थनेची शाल. मी विचारलं, एवढ्याने काय फरक पडतो? तुम्ही समजावलंत की तालीथ शब्बाथलाही लागतो, तेफिलीन शब्बाथला आणि सणाला बांधत नाहीत. म्हणून तालीथचा मान पहिला. मिश्नात, आपल्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, नियमच आहे: जे वारंवार येतं ते आधी, जे क्वचित येतं ते नंतर. वर हेही सांगितलंत की पिशवीत तालीथ वरच ठेवायचा, कारण हाताला आधी तेफिलीन लागले तर ते बाजूला सारून पुढे जाता येत नाही. समोर आलेली मित्स्वा, म्हणजे धर्माची आज्ञा, ओलांडायची नसते.

मग तुम्ही माझी बाही वर केलीत. डाव्या दंडावर पेटी, हृदयाच्या बाजूला कललेली. कोपराखाली सात वेढे. "घट्ट, पण रक्त अडेल इतकं नाही." दीड तासाने गाडीत वरची कडी धरली तेव्हा हातावर ते सात वळ अजून दिसत होते.

त्या नियमाचा मी पुढे खूप विचार केला. आपण सगळे उलटं धरून चालतो. वर्षातून एकदा येणारं ते मोठं, रोजचं ते काय, उद्याही आहेच. आपल्या शहाण्या माणसांनी मात्र रोजच्यालाच पुढे बसवलं. रोश होदेश, म्हणजे महिन्याची सुरुवात, आणि हानुक्का, वर्षातून एकदा येणारा दिव्यांचा सण, एकाच दिवशी आले तर तोराच्या, आपल्या धर्मग्रंथाच्या, वाचनात रोश होदेशचा भाग आधी येतो, कारण तो दर महिन्याला येतो.

तुम्ही एकदा शाहारीथ, म्हणजे सकाळची प्रार्थना, संपल्यावर, तेफिलीनचा पट्टा गुंडाळता गुंडाळता, तीन रब्बींची गोष्ट सांगितली होतीत. अख्खी तोरा ज्यात मावेल असं एकच वाक्य कोणतं? एक म्हणाले, शेमा इस्राएल, म्हणजे देव एकच आहे ही कबुली. दुसरे म्हणाले, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. तिसरे बेन पाझी. त्यांनी निवडलं ते वाक्य असं: एक कोकरू सकाळी अर्पण कर आणि दुसरं संध्याकाळी. मंदिरातल्या नित्य अर्पणाचा साधा हुकूम. हे वाक्य सकाळच्या तेफिलात, म्हणजे प्रार्थनेत, आहे, मी ते भराभर वाचून टाकत असे. आणि निवाडा बेन पाझींच्या बाजूने लागला! मला तेव्हा ते पटलं नव्हतं. शेजाऱ्यावरच्या प्रीतीपेक्षा कोकरू मोठं कसं? आज मला वाटतं, प्रीतीही रोज सकाळी उठून करावी लागते, नाहीतर ती नुसती बोलायची राहते. पावणेसहाचा फोन ही शेजाऱ्यावरची प्रीतीच होती, आणि तो रोज येत होता म्हणूनच ती मला कळली.

पण सगळ्यात मोठा उपकार ओमेरचा आहे.

ओमेर म्हणजे पेसाह सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून एकोणपन्नास रात्री मोजायच्या, शावुओथ सणापर्यंत. मी पहिल्यांदाच नेटाने मोजत होतो, मोबाइलमध्ये गजर लावून. सतराव्या रात्री मुलाला ताप होता. डॉक्टर, औषधं, धावपळ. रात्रीही राहिलं आणि दुसरा दिवसही मावळला. अख्खा दिवस चुकला की पुढे बेराखा (मोजण्याआधीचा आशीर्वाद) म्हणून मोजता येत नाही, हे मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं, "काका, माझा ओमेर तुटला. पुढच्या वर्षी बघू."

तुम्ही तेव्हा रागावलात. मी तुम्हाला रागावलेलं पहिल्यांदाच पाहिलं. "बेराखा गेली, मोजणं कुठे गेलं?" म्हणालात. त्या संध्याकाळपासून अर्वीथनंतर, म्हणजे रात्रीच्या प्रार्थनेनंतर, तुम्ही मला शेजारी उभं करायचात. बेराखा तुम्ही मोठ्याने म्हणायची, मी "आमेन" म्हणायचं आणि मग दोघांनी मिळून आकडा म्हणायचा. अठरा, एकोणीस, वीस. असे आपण एकोणपन्नासपर्यंत गेलो. खंड पडलेल्या माणसालाही धर्मात जागा असते, आणि ती जागा दुसरा कुणीतरी अखंड उभा आहे म्हणून असते, हे मी तिथे शिकलो.

पप्पा लहानपणी आम्हाला कोकणातल्या नवगावला घेऊन जायचे. आपले पूर्वज तिथे किनाऱ्याला लागले असं सांगायचे. त्यांच्याकडे पोथी नव्हती, प्रार्थना चालवणारा हजान नव्हता, बहुतेक तेफिला विसरून गेली होती. उरलं काय, तर सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, शेमा आणि शब्बाथ. कोकणातल्या गावांना आपला धर्म कोणता ते माहीत नव्हतं. शनिवारी यांचा घाणा फिरत नाही, एवढंच दिसत होतं, म्हणून नाव पडलं शनवार तेली. किती पिढ्या, किती शनिवार! त्यातल्या एखाद्या शनिवारी तेलाची मागणी जास्त असेल, घरात अडचण असेल, तरी बैल सोडलेलेच राहिले. सामाजी हसाजी दिवेकरांनी कैदेतून सुटून आल्यावर 1796 मध्ये मुंबईत आपली पहिली मशीद बांधली, त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो आणि घ्यायलाच हवं. पण त्या मशिदीत जायला माणसं उरली होती ती शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांमुळे. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. तुमचं नावही मी इथे लिहीत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही म्हणून.

शेवटच्या कादिशच्या दिवशी मला वाटलं होतं की आता मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला फोन वाजला नाही. तुम्ही मुद्दाम केला नसणार. मी पाच मिनिटं फोनकडे बघत बसलो आणि मग उठून तोंड धुतलं.

काका, पप्पांसाठी मी जेवढे कादिश म्हटले त्या प्रत्येकाला "आमेन" म्हणणाऱ्यांत तुमचा आवाज होता. माझ्या आईने मला सांगितलंय की तिला त्या वर्षी झोप लागायची ती या भरवशावर. तिच्या वतीनेही आभार मानतो.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. मशिदीतल्या कपाटात तुमचा तालीथ ठेवलाय, पिशवीत वरच. फोन सध्या मी करतो, सात जणांना. मंगळवारी आठच जमले होते, मग कोपऱ्यावरच्या दोन भावांना उठवून आणलं. त्यांच्या आजीचं गेल्या महिन्यात निधन झालं, त्यांच्या वडिलांना कादिश म्हणायचा आहे. डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिली की कळवा. रिक्षा घेऊन सहाला खाली उभा राहीन.

तुमचा,
ठाण्याचा मुलगा