सल्ला कुणाला विचारायचा, भिंतीला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारच्या पुरवणीतला 'घसा दुखतोय? आधी फार्मासिस्टला विचारा' हा लेख वाचला आणि माझा अख्खा रविवार त्यातच गेला. लेख चांगलाय, नाही असं नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ताप-ठणक असेल तर पॅरासिटामॉल, बहुतेक घसे व्हायरल असतात आणि आठवड्याभरात आपले आपण बरे होतात, सगळं बरोबर. पण लेखक महाशय शेवटचं कधी मेडिकलमध्ये गेले होते तेवढं कळलं तर बरं होईल. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे की, भिंतीवर आहे. फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, त्यावर एका बाईंचा फोटो, शेजारी उदबत्तीचं घर. त्या बाईंना मी आठ वर्षांत एकदाही काउंटरवर बघितलेलं नाही. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असा कायदा १९४८ पासून आहे म्हणे, आणि सर्टिफिकेट भाड्याने लावतात हे गावात शेंबड्या पोरालासुद्धा माहितीय. मग विचारायचं कुणाला, फोटोला?

मागच्या जानेवारीतली गोष्ट सांगतो. रात्री साडेनऊ, घसा असा धरलेला की थुंकी गिळताना डोळ्यात पाणी. दवाखाने बंद झालेले. गेलो मेडिकलमध्ये. काउंटरवर मालकाचा भाचा, एका हातात मोबाईल, मॅच चालू. मी म्हटलं, बाळा घसा फार... वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने विचारलं, "काका, कोरडा का ओला?" अरे खोकला नाहीच मला! पण तोवर कात्री चालू झालेली. तीन गोळ्या ॲझिथ्रोमायसीन पाचशेच्या, म्हणजे चक्क अँटिबायोटिक, चार पेनकिलर, चार पित्ताच्या. स्ट्रिप अशी कापली की नाव एका तुकड्यावर आणि एक्स्पायरी दुकानातच राहिलेल्या तुकड्यावर. खाकी पाकिटात टाकून वर पेनाने दोन रेघा, सकाळ-संध्याकाळ. बीपी आहे का, शुगर आहे का, आधीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी, काही नाही. मला बीपीही आहे आणि शुगरही. बिल मागितलं तर म्हणतो, "बिल केलं तर जीएसटी लागेल काका." एमआरपीमध्ये सगळे टॅक्स आधीच धरलेले असतात हे मी बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने त्याला सांगायचं, तेही बसलेल्या आवाजात!

आणि आता कळस ऐका. सात रुपये परत द्यायचे होते, सुट्टे नाहीत म्हणून त्याने बरणीतून घशाच्या चार गोळ्या काढून हातावर ठेवल्या. म्हणजे ज्या दुखण्यासाठी मी आलो त्याचं जरा बरं औषध मला सुट्ट्याच्या नावाखाली मिळालं, आणि तेही साखरेचं.

ॲझिथ्रोच्या दोन गोळ्या घेतल्या, खोटं कशाला बोलू. पोट बिघडलं, दोन दिवस घरातच. घसा सहाव्या दिवशी बरा झाला, जो तसाही झाला असता. नंतर आमच्या डॉक्टरांकडे गेलो तर बीपी वाढलेलं, त्यांनी पेनकिलरचा तुकडा बघितला आणि माझ्याकडेच असं बघितलं की मीच गुन्हेगार. स्ट्रिपवर लाल रेघ छापलेलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही, हे त्यांनी मला समजावलं. मला! भाच्याला कोण समजावणार?

माझं एकवेळ सोडा, मी म्हातारा, पचवलं. त्या रात्री माझ्यापुढे एक बाई होत्या, सोबत आठेक वर्षांचा मुलगा, अंगात ताप, घसा दुखतोय, गिळता येत नाही, खोकला सर्दी काही नाही. त्यांनाही कात्रीच. सेफिक्झिमच्या चार गोळ्या, हेही अँटिबायोटिकच. हे औषध एच-वन यादीतलं, म्हणजे सरकारने ज्यांच्या विक्रीवर जादा नजर ठेवलीय त्यातलं, मार्च २०१४ पासून त्याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची असते, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. इथे रजिस्टर म्हणजे उधारीची वही. लहान मुलांचा घसा कधीकधी स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे धरलेला असतो, तो नीट बरा केला नाही तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांवर जातं, त्याला पेनिसिलीनचा कोर्स पुरे दहा दिवस लागतो. म्हणजे मला ज्याची गरज नव्हती ते मिळालं, आणि ज्या पोराला डॉक्टरने बघायची गरज होती त्याला चार गोळ्यांत वाटेला लावलं. तुमच्या लेखात यावर एक ओळ नाही.

आमची मुलगी इंग्लंडात लेस्टरला असते. तिकडे ३१ जानेवारी २०२४ पासून सात साध्या आजारांसाठी थेट फार्मासिस्टकडे जाता येतं, घसा त्यात आहे. जावई गेले. त्यांना आतल्या छोट्या खोलीत बसवलं, टॉर्च मारून घसा बघितला, चोवीस तासांत ताप होता का, टॉन्सिलवर पू आहे का, टॉन्सिल फार सुजलेत का, दुखायला लागून तीन दिवसांच्या आत आलात का, खोकला सर्दी नाही ना, असे पाच मुद्दे, प्रत्येकाला एक मार्क. चार-पाच पडले तर अँटिबायोटिकचा विचार. जावयांना दोन पडले. इंजिनियर माणूस, पाचापैकी दोन मार्क म्हणून आधीच नाराज, वर गोळ्या पण नाहीत, घरी येऊन म्हणाले आपल्याकडे असतो तर दोन मिनिटात काम झालं असतं. घ्या! म्हणजे भाच्याची सगळी चूक आहे असंही नाही, आपल्यालाच 'जरा स्ट्राँग द्या' म्हणायची सवय.

पण परदेशाचं कौतुक कशाला, माझ्या लहानपणी आमच्या पेठेत एक मेडिकलवाले होते. पांढरा कोट, चष्मा नाकाच्या टोकावर. घसा दुखतो म्हटलं की आधी हाताला धरून दुकानाच्या दारात उजेडात न्यायचे, "आ कर", चमच्याच्या दांड्याने जीभ दाबायची. मग आयोडीन, ग्लिसरीन आणि पेपरमिंटचं ते तपकिरी मँडल पेंट छोट्या बाटलीत भरून द्यायचे, काडीला कापूस गुंडाळून आईने ते घशाला लावलं की पुढचा अर्धा तास कशालाच चव नाही. आणि पांढरे ठिपके दिसले तर पेंटही द्यायचे नाहीत. "हे माझं काम नाही, डॉक्टरकडे ने," असं आईला सांगून पैसे न घेता पाठवायचे. गिऱ्हाईक घालवणारा दुकानदार मी त्यानंतर बघितला नाही.

तर लेखकांना एवढंच विचारा की फार्मासिस्टला विचारा म्हणताना तो जागेवर किती वाजता सापडतो तेही छापाल का. आणि हो, त्या लेखाच्या बरोबर खाली घशाच्या गोळ्यांची पाव पान जाहिरात होती, योगायोग असेल.

आपला,
पस्तीस वर्षांपासूनचा वाचक, सातारा

ता. क. : शनिवारची पुरवणी आमच्याकडे दोन महिने झाले रविवारी येते, शब्दकोड्याचं उत्तर आधी आणि कोडं मागून. पेपरवाल्याला सांगितलं तर सुट्टे मागतो. माझ्या ड्रॉवरमध्ये मेडिकलच्या सतरा गोळ्या जमल्यात, मी त्या पुढे केल्या, नको म्हणाला.