केसडियाचा तवा मंदच ठेवा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

खारघरच्या घराची किल्ली हातात आली. दिवाळीनंतर तिकडे राहायला जायचं नक्की आहे. तुम्हाला सांगून झालंय, तरी पुन्हा लिहितो, कारण त्या दिवशी आई काहीच न बोलता भांडी लावायला उठली. बेलापूरचं ऑफिस, चिऊची शाळा, रोज दोन वेळा ठाणे स्टेशनची ती गर्दी, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ठाणे-पनवेल लोकल खारघरला थांबते, मध्ये गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. आणि ताईच्या वेळेसारखं यात काही नाही, उगीच तो विषय मनात आणू नका.

बाबांनी विचारलं ते मात्र रास्त होतं, "मग रविवारचं काय?" रविवारचा केसडिया, म्हणजे चीज आणि सारण भरून दुमडून भाजलेली आपली ती मेक्सिकन पोळी, आता तुम्ही दोघांनी करायचा. बाहेरून मागवायचा नाही. त्यात मीठ किती असतं ते कळत नाही, आणि डब्यात बंद होऊन नौपाड्यात पोचेपर्यंत वाफेने त्याचा लगदा झालेला असतो. आई, तुला स्वयंपाक शिकवण्याइतका मी मोठा झालेलो नाही. पण या पदार्थाच्या काही खोड्या आहेत, तेवढ्या लिहून ठेवतो.

पोळीपासून सुरू करू. 125 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम कणीक, अर्धा छोटा चमचा मीठ आणि तीन मोठे चमचे तेल. तेल आधी कोरड्या पिठाला चोळायचं, मुठीत दाबल्यावर मुटका वळला की मोहन पुरेसं झालं. मग साधारण 130 मिली गरम पाणी, एकदम नाही, लागेल तसं. मऊ भिजवून अर्धा तास झाकून ठेव. हा अर्धा तास वाचवायला गेलं की लाटलेली पोळी पोळपाटावरच आखडते आणि तुझ्या मनगटाला दुप्पट त्रास. एवढ्यात 8 गोळे होतात, म्हणजे तुमचे दोन रविवार. घडी घालायची नाही. पदर सुटले की आतलं सारण सरकतं. साधी एकपदरी, 20 सेंटीमीटरची, फुलक्यापेक्षा जरा जाड. चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी 30-40 सेकंद, तपकिरी ठिपके दिसले की उतरवायची आणि लगेच पंचात गुंडाळायची. तव्यावर रेंगाळली तर वाळते आणि दुमडताना मधोमध चिरते. हाताला झेपत नसेल तर पोळ्यांच्या मावशींकडून शनिवारी लाटून-भाजून घे. मध्ये बटर पेपर घालून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात, फ्रीझरमध्ये महिनाभरही. वापरण्याआधी तव्यावर किंचित कोमट करायच्या, थंड पोळी दुमडली की मोडतेच.

बाबा, तुम्ही म्हणणार की मेक्सिकोत तर मक्याची असते. असते, मेक्सिकोच्या मध्य आणि दक्षिण भागात. उत्तरेत, सोनोराकडे, गव्हाचीच करतात, तेव्हा आपण काही पाप करत नाही. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, मग दळतात. त्यामुळे त्या पिठाला चिकटपणा येतो आणि पोळी दुमडते. जांभळी नाक्याला मिळणारं आपलं मक्याचं पीठ तसं नसतं. त्या पिठाची भाकरी आई सुंदर थापेल, पण दुमडली की तुकडे. तो प्रयोग नको.

आता चीज, कारण बिघडतं ते बहुतेक इथेच. मोझरेलाचा घट्ट ठोकळा आणायचा. पाण्यात बुडवलेला मऊ गोळा नको, तो तव्यावर पाणी सोडतो. किसून मिळणारं पाकीटही नको. किसाचे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्याला बहुतेक वेळा पिठूळ लेप दिलेला असतो, त्यामुळे ते एकसंध वितळत नाही. ठोकळा फ्रिजमधून काढल्याकाढल्या जाड किसणीवर किसायचा, गार असताना नीट किसला जातो, आणि मग किस दहा मिनिटं बाहेर ठेवायचा. एका केसडियाला 40 ग्रॅम, म्हणजे सैल हाताने दोन मुठी. मेक्सिकोत वाहाका प्रांताचं तारा सुटणारं चीज वापरतात. तेही मोझरेलासारखंच गरम पाण्यात ताणून केलेलं असतं, म्हणून मोझरेला चालतं. आई, पनीर नाही! पनीर आंबट घालून फाडलेलं असतं, ते कितीही तापवलं तरी वितळत नाही आणि दोन पदर धरून ठेवत नाही. सारणात चुरून घाल हवं तर. क्यूबवालं प्रोसेस्ड चीज छान वितळतं, पण खारट असतं. तुझ्या वाट्याच्या केसडियात अर्धा क्यूब घाल, बाबांच्यात अजिबात नको. बाबा, इथे तोंड वाकडं करू नका, परवाचे बीपीचे आकडे मी पाहिलेत.

सारणासाठी अर्धी वाटी राजमा रात्रभर भिजवायचा, ते पाणी टाकून द्यायचं, ताज्या पाण्यात एक शिट्टी आणि मग मंद आचेवर वीस मिनिटं. दाणा बोटात सहज चिरडला पाहिजे. कच्चट राजमा पोटाला खरोखर बाधतो, त्यात घाई नाही. एक चमचा तेलात ठेचलेला लसूण, जिरं, अर्धा चमचा लाल तिखट, त्यावर राजमा घालून अर्धवट ठेचायचा आणि आटवायचा. चमचा फिरवल्यावर कढईचा तळ दिसून क्षणभर तसाच राहिला की झालं. यात मीठ घालू नका, चीजमधलं पुरतं. वेगळ्या कढईत कांदा, ढोबळी मिरची आणि मक्याचे दाणे मोठ्या आचेवर चार मिनिटं परतायचे. मंद आचेवर भाज्या स्वतःच्याच पाण्यात शिजतात. दोन्ही ताटात पसरून वाफ जाऊ दे. ओलं किंवा गरम सारण पोळीत भरलं की पोळी आतून भिजते, मग बाहेरून कितीही भाजा. पावसाळ्यात भोपळ्याची फुलं मिळाली तर सगळी भज्यांत घालवू नकोस. मेक्सिकोत केसडियात ती फुलं घालण्याची जुनी रीत आहे. देठ आणि आतला दांडा काढून, चिरून, मिनिटभर परतली की पुरे.

बाबा, वाद घालायला एक मुद्दा देतो. मेक्सिको सिटीत चीज हवं असं मुद्दाम सांगितलं नाही तर कितीतरी ठिकाणी चीजशिवायच केसडिया देतात, आणि बाकीचा देश त्यावरून त्यांची टर उडवतो. कट्ट्यावर सांगा.

आता भाजणं. लोखंडी तवा, कोल्हापूरवालाच. मध्यमहून कमी आच आणि तेलाचं बोट फिरवलेलं. बटर नको, त्यातला दुधाचा अंश आधी जळतो. पोळी तव्यावर टाकायची आणि अर्ध्या भागावर चीज, त्यावर सारण, पुन्हा चीज. खालचं आणि वरचं चीज मिळून सारण धरून ठेवतं. फक्त मध्ये घातलं तर कापताना सगळं ताटभर. सारण तीन चमच्यांच्या वर नाही (आई, हे तुझ्यासाठी, तुझा हात सढळ आहे) आणि कडेला बोटभर जागा मोकळी. दुसरा अर्धा भाग वर दुमडून उलथण्याने हलकेच दाबायचं. जोरात दाबलं की चीज बाहेर पळतं. पहिलं मिनिट झाकण, मग काढायचं. एकूण तीन मिनिटांनी दुमडीची बाजू तव्यावर टेकवून त्यावरूनच उलटायचा, म्हणजे काही सांडत नाही. दुसरी बाजू दोन मिनिटं. आच मोठी केलीत तर वरून करपतो आणि आत किस तसाच राहतो, आणि तुम्ही आच मोठी करणार हे मला माहीत आहे. कडेने चीज गळून कुरकुरीत झालं तर फेकू नका, सगळ्यात चविष्ट तेच.

उतरवल्यावर ताटात नाही, पुऱ्या काढायच्या जाळीवर ठेवायचा. ताटात खालची बाजू घामेजते. दोन मिनिटं थांबून स्वयंपाकघरातल्या कात्रीने तीन तुकडे. बाबांचा तव्यावर मिनिटभर कमी ठेवून मऊच राहू दे आणि तुकडे लहान कर, कवळीत चीजच्या तारा अडकतात. बाबा, दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. वितळलेलं चीज टाळूला पोळतं.

सोबत दोन टोमॅटो बिया काढून, अर्धा कांदा, कोथिंबीर, थोडी मिरची, अर्धं लिंबू, मीठ अगदी खाताना, नाहीतर पाणी सुटतं. आणि वाटीभर दह्याचा दोन तास टांगलेला चक्का. ॲव्होकॅडोच्या मागे लागू नका, महाग असतो आणि निम्मे वेळा कच्चा निघतो.

चिऊला सुटीत तिकडे पाठवेन तेव्हा शेवटच्या गोळ्याची चिमणी करून दे, आई. मला करायचीस तशी, मिरीच्या डोळ्यांची. मला अजून ती हवी असते, पण या वयात मागायची कशी?

मोझरेलाचे ठोकळे 200-200 ग्रॅमचे तुकडे करून फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात ठेवलेत, प्रत्येकावर तारीख आहे. आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढायचे. गीझरवाला शनिवारी येतोय, पैसे दिलेत, पुन्हा देऊ नका. औषधाच्या गोळ्यांचा डबा ताई भरेल. गॅस बंद केल्यावर नॉब एकदा आईने आणि एकदा बाबांनी बघायचा, एकमेकांवर सोडायचं नाही.

पहिल्या रविवारी साडेसातला मी व्हिडिओ कॉल करतो. बाबा, फोन आईच्या हातात नको, तिचे हात पिठाचे असतील. तुम्ही धरा, आणि कॅमेरा तव्यावर धरा, स्वतःच्या कपाळावर नको.

तुमचा,
सोनू