‘ओव्हरक्लॉकिंगसाठी सज्ज’ म्हणून विकलेल्या मदरबोर्डबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीची माहिती देऊन विकलेला मदरबोर्ड बदलून मिळणे अथवा रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी ए५२० चिपसेटचा (बोर्डावर कोणत्या सोयी मिळतील हे ठरवणारी चिप) मदरबोर्ड मागवला. पानावर ठळक अक्षरांत ‘प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगसाठी सज्ज’ असे लिहिले होते आणि त्या एका ओळीसाठीच मी तो घेतला. प्रत्यक्षात ए५२० वर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे त्याला ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे, होतच नाही. एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीने ही सोय बी४५०, बी५५०, एक्स५७० अशा चिपसेटना दिली आहे, ए५२० ला दिलेली नाही.

मी लातुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. माझ्याकडे एएमडीचा रायझन ३ ३१०० हा प्रोसेसर आहे : चार कोअर, मूळ वेग ३.६ आणि बूस्ट ३.९ गिगाहर्ट्झ. याचा मल्टिप्लायर (बोर्डाच्या मूळ वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) अनलॉक, म्हणजे बदलता येण्याजोगा असतो. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की चारही कोअर तासन्‌तास पूर्ण भाराने चालतात. ते ४.२ वर स्थिर राहिले तरी लग्नसराईत मला मोठा आधार होतो. त्यासाठी वेगळा कूलरही घेऊन ठेवला आहे. नवा प्रोसेसर परवडत नाही त्याच्यासाठी ओव्हरक्लॉकिंग ही हौस नसते. १९९८ चा इंटेलचा स्वस्त प्रोसेसर सेलेरॉन ३००ए आठवा : बस, म्हणजे बोर्डाचा मूळ वेग, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर चालायचा. स्वस्त प्रोसेसर घेणारा माणूस तेव्हापासून बोर्ड याच हिशेबाने निवडत आला आहे.

बोर्ड जोडून बायोस (बोर्डाच्या सेटिंग्जचा पडदा) उघडले. रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी प्रोफाइल आहे, रॅम ३२०० वर व्यवस्थित चालते. पण सीपीयू रेशोची, म्हणजे मल्टिप्लायर बदलण्याची ओळच कुठे नाही. आपल्या हेल्पलाइनने बायोस अपडेट करायला सांगितले. तेही केले, फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता, कारण अडचण चिपसेटची आहे. मग सांगण्यात आले की, ‘मेमरी ओव्हरक्लॉक होते ना, मग माहिती बरोबरच आहे.’ हे उत्तर मला मान्य नाही. पानावर ‘प्रोसेसर’ हा शब्द स्पष्ट छापलेला आहे.

त्याहून संताप येतो तो परतीच्या नकाराचा. बॉक्स उघडला म्हणून बोर्ड परत घेता येत नाही, असे कळवले गेले. बॉक्स उघडून बोर्ड जोडल्याशिवाय बायोस दिसणार तरी कसे? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. याच नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे.

बोर्ड बी४५० किंवा बी५५० चिपसेटच्या बोर्डाशी बदलून द्यावा; किमतीतला रास्त फरक भरायला मी तयार आहे. ते शक्य नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. आणि पानावरची ती ओळ आजच काढावी, ती अजूनही तशीच आहे. महिन्याभरात निर्णय न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला ग्राहक,
लातूर

सोबत : बिलाची प्रत, उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट, बायोसचे फोटो, हेल्पलाइनशी झालेला ईमेल व्यवहार.